दोरीवरची वस्ती

घर घेतल्यावर पहिली काळजी कसली घ्यायची, तर त्यात कोणी राहायला जाणार नाही याची.

हे मी शनिवारच्या क्लासात शिकलो. टायरच्या दुकानावर एक हॉल आहे, तिथे सर शिकवतात. विषय: राहत्या घरांमधली गुंतवणूक, नवशिक्यांसाठी. आम्ही नवशिके प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसतो, खालून टायरमध्ये हवा भरल्याचा आवाज येत राहतो, आणि सर सांगतात, "जुनी माणसं म्हणायची, घर पाहावं बांधून. गेली बिचारी, बांधता बांधता. आपण घर पाहायचं लांबून."

लांबून म्हणजे कोरं ठेवून. दाराच्या मुठीवरचं प्लास्टिक काढायचं नाही. काचेवरचा स्टिकर काढायचा नाही. भिंतीत खिळा तर अजिबात नाही. खिळा मारला की घर सेकंड हँड. आणि माणूस राहायला गेला की ते नुसतं घर होतं, मालमत्ता उरत नाही.

एका नवशिक्याने विचारलं, "सर, मग भाडेकरू ठेवला तर?"

सरांनी त्याच्याकडे दया आल्यासारखं बघितलं. "भाडेकरू काय हवेत लटकतो का रे? तोपण राहतोच ना?"

सर स्वतः सासऱ्यांकडे राहतात. त्यात त्यांना लपवण्यासारखं काही वाटत नाही. शून्य गुंतवणूक, शंभर टक्के वापर, असं ते सांगतात. हा त्यांचा सगळ्यात जुना सौदा.

आता माझं सांगतो. मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. आई कपडे अल्टर करते. पँटची उंची, बॅगेची चेन, कोटाचं अस्तर, असं. आम्ही दोघं तळमजल्यावर भाड्याच्या एका खोलीत राहतो. खोलीला खिडकी आहे, खिडकीला समोरची भिंत आहे. दिवसा दिवा लावावा लागतो. आमच्या दोरीवर कपडे वाळत नाहीत, लटकून लटकून थकतात फक्त. आईला सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा मी तिचा नंबर वाढवला. तरी येईना. परत वाढवला. आता तिच्या चष्म्यातून मुंगीच्या चेहऱ्यावरचे भाव दिसतील, पण सुईचं भोक दिसत नाही.

ती म्हणते, "अरे, काच नको. उजेड दे."

मी म्हणतो, "तो आमच्या दुकानात येत नाही."

मग मी फ्लॅट घेतला. आईची साठवण आणि बँकेचं कर्ज, दोन्ही मिळून. पाचवा मजला, पूर्वेची बाल्कनी. किल्ली मिळाली त्या दिवशी घरी आलो तर आईने मशीन चादरीत गुंडाळून दाराशी आणून ठेवलेलं, आणि भांडी खोक्यात.

"टेम्पो कधी येतोय?"

"कसला टेम्पो?"

"सामान न्यायला."

"आई, तिथे जायचं नाहीये. ते घर नाहीये. ती मालमत्ता आहे."

आईने जरा विचार केला. "मग तिला बाल्कनी कशाला काढलीय?"

"व्ह्यूसाठी."

"कोणाच्या?"

"जो पुढे विकत घेईल त्याच्या."

"आणि तो तिथे राहील?"

"तो कशाला राहील? तोपण कुठल्यातरी क्लासला जातच असेल की."

मी तिला नीट समजावलं. रेट वाढला की हा विकायचा, मग त्याहून मोठा घ्यायचा, आणि मग जाऊ आपण त्यात. आई म्हणाली, "आणि त्या मोठ्याचा रेट नाही वाढणार?" क्लास न केलेल्या माणसाला असे प्रश्न पडतात. तिने चादर सोडली, मशीन परत जागेवर सरकवलं आणि दिवा लावला. सकाळचे अकरा वाजले होते.

सहा-सात महिने गेले. रेट जागचा हलेना. एजंटला गाठलं. हा एजंट कानात सतत इअरफोन घालून असतो, त्यामुळे तो आपल्याशी बोलतोय की दुसऱ्याशी हे शेवटपर्यंत कळत नाही.

"गिऱ्हाईक येतं, वर बघतं, जातं," तो म्हणाला.

"का?"

"एवढी मोठी इमारत आणि एक दिवा नाही. काल एक बाई मला बाजूला घेऊन विचारते, इथे काही घडलंय का?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"खरं तेच. म्हटलं, बाई, इथे अजून काहीच घडलेलं नाही. त्यावर जास्तच घाबरल्या."

मग सोसायटीची सभा लागली. आम्ही सगळे मालक पहिल्यांदाच एकमेकांना बघत होतो. सभा खालच्या लॉबीत, उभ्याने. लॉबीत सोफे होते पण ते कोरे ठेवायचे होते. चेअरमन दातांचे डॉक्टर. त्यांनी गंभीरपणे वाचून दाखवलं, "सभेपुढील विषय: इमारतीतील जिवंतपणाचा अभाव आणि त्याचा दरावर होणारा परिणाम."

मागून कोणीतरी म्हणालं, "मग कोणीतरी राहायलाच या की."

सगळ्यांनी मागे वळून त्या माणसाकडे असं बघितलं की जणू तो पायजमा घालायचा विसरून आलाय. चेअरमनांनी दात काढायच्या आधी काढतात तो मऊ आवाज काढला. "उत्तम सूचना. आपण कधी येताय?"

"मी? अहो, माझा फ्लॅट कोरा आहे."

"सगळ्यांचेच कोरे आहेत."

शेवटी ठराव झाला. प्रत्येक सभासदाने दर रविवारी सकाळी आपल्या बाल्कनीत कपडे वाळत घालून वस्ती दर्शवावी. कपडे ओले असावेत, कारण कोरडे कपडे टांगणं ही ग्राहकाची दिशाभूल होईल. आतले कपडे आतल्या दोरीवर. विटके टॉवेल आढळल्यास समज देण्यात येईल, दोरी रिकामी आढळल्यास दंड. आणि प्रत्येक मजल्यावर किमान एक झबलं.

आमच्या समोरच्या फ्लॅटची मालकीण चित्रकलेची शिक्षिका. एकटीच. तिने हात वर केला. "आमच्या मजल्यावर झबलं कोणाचं?"

चेअरमन म्हणाले, "बाई, झबल्याला मूल लागतंच असं नाही."

रविवारी मी बादलीत आईने धुतलेले कपडे भरले आणि स्कूटरला अडकवून निघालो. फ्लॅटमध्ये चपला काढून, जमिनीवरच्या प्लास्टिकवरून चवड्यांवर चालत बाल्कनीत गेलो, कपडे टांगले. संध्याकाळी काढून आणले.

आई घड्या घालत होती. उशीचा अभ्रा तिने नाकाशी धरला आणि तशीच थांबली. मला वाटलं डाग पडला.

"हे उन्हात वाळलंय," ती म्हणाली.

मी ठराव सांगितला.

"म्हणजे माझा गाऊन तिथे राहायला गेला आणि मी इथे."

"गाऊन राहत नाही, आई. तो दर्शवतो."

"बरं. त्याला म्हणावं, माझ्यासाठी थोडं आण." आणि तिने अभ्रा परत नाकाशी धरला.

पुढच्या रविवारी बादलीच्या जागी दोन बोचकी तयार. चादरी, पडदे, पायपुसणी, माझा थंडीचा कोट. त्याच्या पुढच्या रविवारी दारात इस्त्रीवाला आणि शेजारची नर्स उभी, हातात आपापले ओले कपडे घेऊन. आईने गल्लीत सगळ्यांना सांगितलं होतं की माझ्या मुलाकडे ऊन आहे. गल्लीत कोणाचेच कपडे धड वाळत नव्हते. मी स्कूटरवरून खेपा घालायला लागलो. आमची बाल्कनी इतकी भरली की पाचवा मजला थोडा पुढे आल्यासारखा दिसायचा. सोसायटीने मला प्रशस्तिपत्र दिलं. आदर्श कुटुंब म्हणून.

एजंटचा फोन आला. "तुमच्यात किती जण राहतात, विचारत होते. नर्सचे ड्रेस, खाकी शर्ट, तीन साइजच्या पँटी. म्हटलं एकत्र कुटुंब आहे, सगळे कमावते." रेट हलला. सरांनी क्लासात पडद्यावर माझ्या बाल्कनीचा फोटो दाखवला आणि म्हणाले, "याला म्हणतात भावनेला हात न लावता भाव वाढवणं." टाळ्या झाल्या. खाली एक टायर फुटला.

पण गिऱ्हाईक हा प्राणी समाधानी राहत नाही. एक रिटायर्ड मोजणी अधिकारी लागोपाठ चार रविवार समोरच्या बाकावर दुर्बीण घेऊन बसला आणि त्याने लेखी विचारणा केली: कपडे नियमित बदलतात, ते घालणारी माणसं दिसत नाहीत. ती कुठे आहेत?

तातडीची सभा. उभ्यानेच. नवा ठराव: प्रत्येक सदनिकेने रविवारी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एक सजीव रहिवासी उपलब्ध करून द्यावा, न दिल्यास दंड. मालक स्वतः येऊ शकत नव्हते, एव्हाना सगळ्यांनी सरांची नवी ॲडव्हान्स बॅच लावली होती आणि ती रविवारीच होती. तेव्हा घरातलं जे माणूस रिकामं असेल ते आणायचं ठरलं. चेअरमनांनी सासरे आणले, चित्रकलेच्या बाईंनी मावशी.

मी आईला म्हणालो, "तुला त्या घरात राहायचं होतं ना? चल. रविवारपुरतं."

"बसू कुठे?"

"बसायचं नाही. बाल्कनीत उभं राहायचं, मधूनमधून आत जायचं, परत बाहेर यायचं. कोणी हात केला तर हात करायचा."

"आणि काम? माझ्याकडे सहा पँटी पडल्यात."

"एक दिवस काम नको."

"तुझा सजीव रहिवासी रिकामा बसत नाही," आई म्हणाली आणि मशीन चादरीत गुंडाळायला लागली. मी नाही म्हणू शकलो नाही. कारण तसं म्हटलं असतं तर दंड मला होता.

मशीन मीच पाचव्या मजल्यावर चढवलं. लिफ्ट कोरी ठेवली होती. बाल्कनीच्या दाराशी, प्लास्टिकवर दुसरं प्लास्टिक घालून, त्यावर मशीन ठेवलं. आई स्टुलावर बसली. ऊन तिच्या मांडीवर आलं होतं. तिने सुई घेतली, दोरा तोंडात ओला केला, आणि ओवला. पहिल्याच फटक्यात. मग तिने चष्मा कपाळावर सरकवला, दोरा ओढून काढला आणि परत ओवला. तसाच. मग माझ्याकडे बघितलं.

"एवढे नंबर कशाला वाढवलेस रे?"

मी म्हणालो, "स्टाफ डिस्काउंट होता."

तिथून पुढचे रविवार जरा हाताबाहेर गेले. चेअरमनांचे सासरे सहाव्या मजल्यावरून खाली वाकून आईला विचारायचे, "ताई, कोटाचं बटण लावाल का?" आणि कोट दोरीला बांधून खाली सोडायचे. मावशी समोरून चहा घेऊन यायच्या. कुठल्यातरी मजल्यावर दोन म्हाताऱ्यांचं कडाक्याचं भांडण झालं, दार आपटण्यापर्यंत. सोसायटीने त्याची नोंद घेऊन दोघांचं अभिनंदन केलं, कारण दार आपटल्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला होता. रविवारी इमारत बघितली तर कोणालाही वाटलं असतं की इथे माणसं राहतात. संध्याकाळी आम्ही आपापली माणसं उचलून घरी न्यायचो. आई जिन्यात प्रत्येक मजल्यावर थांबून कोणाकोणाला "येते हं" म्हणायची. मला वाटायचं ती गुडघ्यांसाठी थांबतेय.

आणि एका रविवारी ते झालं. बॅच सुटल्यावर मी आणि चेअरमन जिन्यात उभे होतो. वरून आवाज आला. ठक. ठक. ठक.

चेअरमनांचा चेहरा उतरला. "हे... हे भिंतीत चाललंय."

आम्ही धावत वर गेलो. आई मशीनशेजारी स्टुलावर उभी, हातात इस्त्री. इस्त्रीच्या बुडाने तिने भिंतीत खिळा ठोकला होता, आणि खिळ्याला तिची कात्री टांगलेली.

"काय केलंस हे?"

"कात्री सारखी हरवते. कुठे ठेवली तेच आठवत नाही. म्हटलं, एक जागा असावी तिला."

चेअरमन पुढे झाले. त्यांनी करंगळीने खिळा हलवून बघितला, मग मोबाईलचा टॉर्च लावून आत डोकावले. "मुळापर्यंत गेलाय."

"काढता येईल?"

"काढता येईल. पण पोकळी राहणार. आणि भरली तरी रंग जुळत नाही." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नका" असं मात्र ते म्हणाले नाहीत.

मी सरांना फोन लावला. सर म्हणाले, "किती मोठा आहे?" मी सांगितलं. त्यांनी कोणती भिंत तेपण विचारून घेतलं. मग म्हणाले, "तू क्लासात कोणाला सांगू नकोस. नवीन मुलं आहेत."

मी फोन ठेवतोय तोच दारात एजंट. मागे एक जोडपं, गळ्यात एकसारख्या दोऱ्यांना ऑफिसची कार्डं. मी खिळ्यासमोर उभं राहायला गेलो, पण खिळा उंचावर होता आणि मी मध्यम उंचीचा. बाईंना माझ्या डोक्यावर कात्री दिसली.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "इथे खरंच कोणीतरी राहतंय."

नवरा जवळ आला. त्याने खिळा बघितला, खालची चुन्याची पूड बघितली, चिंध्या बघितल्या. "आजच्या दिवसात आपण बारा फ्लॅट बघितले," तो म्हणाला. "सगळीकडे म्हातारी माणसं हात करत उभी. एका घरात खिळा नाही."

बाई आईकडे वळल्या. "आजी, कसं वाटतं हो इथे?"

आईला मी शिकवून ठेवलं होतं, छान वाटतं म्हणायचं. आई म्हणाली, "दोरा एका फटक्यात ओवला जातो."

जोडपं एजंटकडे बघायला लागलं.

"नैसर्गिक प्रकाश," एजंटने अर्थ सांगितला.

सौदा तिथेच झाला. मी मागितला त्याच्यापेक्षा वर. चेअरमनांनी एजंटला मिठी मारली. या सगळ्यात आई हळूच बाईंना म्हणाली, "सकाळी ऊन दारातून येतं, दुपारी कोपऱ्यात सरकतं. मशीन असेल तर दारातच ठेवा. राहायला कधी येताय?"

बाई हसल्या. गोड हसल्या. "आम्ही? नाही हो आजी, आम्हाला इन्व्हेस्टमेंटसाठी हवाय." मग नवऱ्याच्या काहीतरी लक्षात आलं आणि तो मला म्हणाला, "पण त्या रविवारी येत राहतील ना? आम्ही त्यांना धरूनच रेट बोललोय."

कागदावर तसं लिहिलंय. सदर सदनिका, पूर्वाभिमुख बाल्कनी, एक खिळा आणि रविवारचा एक रहिवासी.

निघताना आईने कात्री काढून पिशवीत टाकली. मी म्हटलं, "राहू दे, तसं ठरलंय."

"खिळा त्यांचा," आई म्हणाली. "कात्री माझी."

आता सोसायटीने प्रत्येक फ्लॅटमध्ये एकेक खिळा सक्तीचा केलाय. चेअरमन स्वतः घरोघरी जाऊन ठोकून देतात, भूल न देता. सरांनी धोरण बदललंय. ते शिकवतात, "खिळा मारा, पण त्याला काही टांगू नका." आणि मी त्या पैशातून मोठा फ्लॅट बुक केलाय. अकरावा मजला, अजून स्लॅब पडायचाय. मी नकाशा मशीनवर पसरून आईला दाखवला. दुप्पट बाल्कनी, दोन बाजूंनी ऊन. तिने नीट बघितलं, बोटाने दाराची जागा शोधली.

"यात खिळा कधी मारायचा?"

"रेट वाढला की."

तिने मान हलवली. दिवा लावला, सुई दिव्यासमोर धरली. एकदा. परत एकदा. मग सुई कापडाला टोचून ठेवली.

"आज वार काय रे?"

"मंगळवार."

"मग हे रविवारी करते," ती म्हणाली आणि पँटची घडी घालून बाजूला ठेवली.

ही गोष्ट मी पुष्कळ जणांना सांगितलीय. सगळे हळहळतात. काही जण मला चार शब्द सुनावतात, ते मी ऐकून घेतो. एका बाईंनी तर डोळे पुसले. मग सगळेच इकडेतिकडे बघतात, जरा जवळ सरकतात आणि आवाज खाली आणून मला एकच गोष्ट विचारतात. तुमच्याही ओठावर आलीच आहे ती. सांगतो की, त्यात काय. पण फोन करा. रेट असा चारचौघांत छापत नाहीत.